काय कमी होतं, आनंदा?

आनंदा, आपला वाद तुझ्या बाजूने संपला असं मी मानत नाही. एक जण गेला म्हणून दुसऱ्याने माघार घ्यावी, ही रीत तुलाही पटली नसती. तेव्हा बोलायचं राहिलं ते इथे लिहितो. तुझं शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण आहे, हे तुझ्या मुलाने, संग्रामने, वर्तमानपत्रात दिलं आहे. त्यात चूक नाही.

वाद जुना आहे. तू गारगोटीच्या शाळेत इतिहास शिकवायचास आणि मी तिथल्या बातम्या कोल्हापूरला पाठवायचो, तेव्हापासूनचा. स्टँडसमोरच्या हॉटेलात तू उत्तरपत्रिका घेऊन बसायचास. एक प्रश्न तू दरवर्षी घालायचास : राजाच्या ताब्यातल्या वसाहतींना स्वातंत्र्य का हवं असतं? पोरं पाठ केलेलं लिहायची. जादा कर, व्यापारावर बंधनं, कायदेमंडळात प्रतिनिधी नाही, नव्या विचारांचा प्रभाव. तू सगळ्यांना बरे मार्क द्यायचास आणि वैतागायचास.

"ही कारणं न्हाईत, ह्या तक्रारी हाईत," तू म्हणायचास. "तक्रार मिटवता येती. मिटवली म्हणून गडी थांबतोय व्हय?"

मग अमेरिकेतल्या चहाचं उदाहरण यायचं. इंग्लंडच्या राजाच्या सरकारने वसाहतींवरचे बरेच कर मागे घेतले. चहावरचा तेवढा ठेवला, आणि वर चहाच स्वस्त करून दिला. लोकांनी तो समुद्रात टाकला. "स्वस्त चहा, बरं का!" तू टेबलावर बोट आपटायचास. "म्हाग असता तर समजलं असतं."

मी म्हणायचो, त्या स्वस्त चहाने तिथल्या व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता, त्यांनी लोकांना पुढे केलं. तू म्हणायचास, धंद्यापायी दहा माणसं भांडतील, अख्खा मुलूख मरायला उठत नाही. मी म्हणायचो, मुलूख उठत नसतो, उठवला जातो. हॉटेलवाला मध्येच विचारायचा, "मास्तर, तुमचं मिटलं की बिल देऊ, का आत्ताच देऊ?"

तुझं दुसरं उदाहरण तुझ्या घरातलं होतं. तुझे वडील, तात्या, संस्थानच्या पागेत घोड्यांच्या कामाला. शिवाजी पेठेतल्या तुमच्या दोन खोल्यांत देवांच्या शेजारी महाराजांची तसबीर. दसऱ्याच्या स्वारीत तात्या घोड्याच्या लगामाला हात लावून चालायचे आणि घरी येऊन तो हात आईला दाखवायचे. हाच माणूस प्रजेच्या चळवळीत गेला. लोकांनी निवडलेलं सरकार पाहिजे म्हणून घोषणा दिल्या आणि आत बसला. फौजदाराने विचारलं, "महाराजांनी काय कमी केलंय रं तुला?" तात्या म्हणाले, "आज कायबी कमी न्हाय, साहेब. उद्या झालं तर इच्चारायचं कुणाला?"

पागेतलं काम गेलं. तसबीर राहिली. संस्थान विलीन झालं त्या दिवशी तात्या जेवले नाहीत, हे तुला आईने सांगितलं होतं. तू ते मला सांगितलंस आणि मी ते तुझ्यावरच उलटवलं. म्हटलं, तुझ्या तात्यांना महाराजही पाहिजे होते आणि महाराजांपासून सुटकाही पाहिजे होती.

"सगळ्यांनाच दोन्ही पायजे असतंय," तू म्हणालास. "म्हणून तर अवघड. वंगाळ राजाला कोणबी घालवंल. चांगल्याला घालवायला काळीज लागतंय."

तेव्हा हे वाक्य मला भाषणातलं वाटलं. ते तू जगून दाखवशील असं वाटलं नव्हतं. दाखवू नयेस असं आजही वाटतं.

वहिनी गेल्या, त्यानंतर एकदा तू दूध गॅसवर ठेवून झोपी गेलास. भांडं जळलं, पेठेतल्या खोलीत धूर झाला. संग्राम आला आणि तुला शहराबाहेरच्या बंगल्यावर घेऊन गेला. त्याचं काही चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. खालच्या मजल्यावरची हवेशीर खोली, बाथरूममध्ये धरायला दांडे, महिन्याला डॉक्टर. साखर, रक्तदाब, गोळ्यांच्या वेळा, सगळं तो स्वतः बघायचा. स्वतःच्या मुलांकडे एवढं बघणारे बाप मी फार पाहिलेले नाहीत. बापाकडे बघणारी मुलं तर त्याहून कमी.

मी यायचो तेव्हा फाटकावरचा वॉचमन नाव विचारायचा. संध्याकाळची भेटीची वेळ ठरलेली होती, कारण तू दमायचास. तुझा फोन संग्रामकडे असायचा, कारण फसवणुकीचे फोन येतात. तुझी पुस्तकं काचेच्या कपाटात लावलेली होती, उंचीप्रमाणे. मोठी डावीकडे, लहान उजवीकडे. मराठ्यांचा इतिहास स्वयंपाकाच्या पुस्तकाशेजारी उभा होता. तू कपाटाकडे बोट दाखवून म्हणालास, "कवायतीला उभी केल्यात." दोघेही हसलो. तुझी सून वैशाली चहा घेऊन आली होती, तीही हसली. संग्राम आत आल्यावर आपण तिघेही गप्प झालो, हे मला घरी जाताना लक्षात आलं.

तू मागणी केलीस ती जेवताना. "मी पेठंत ऱ्हायला जातो."

संग्राम म्हणाला, "आबा, काय कमी पडतंय ते सांगा. आज करतो."

तू मला हे सांगताना हसू आवरत नव्हतं तुला. म्हणालास, "फौजदार परत भेटला बघ. ह्या वेळी माझ्याच पोटचा."

पण संग्रामने खरंच विचार केला होता. चांगला राज्यकर्ता करतो तसा. तुला गंगावेशीतलं दूध आठवतं, हे त्याला ठाऊक होतं. म्हशी चौकात आणून समोर धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात, ते दूध. डॉक्टरांची परवानगी काढून त्याने आठवड्यातून एकदा तुला गाडीतून तिथे पाठवायची सोय केली. मीही एकदा बरोबर होतो. ड्रायव्हरने गाडी कडेला लावली, काच खाली केली, उतरू नका म्हणाला, आणि पेला खिडकीतून आत दिला. गवळी बाहेरून वाकून बघत होता. ओळखीचा होता. "मास्तर, पाय बरा न्हाय व्हय?" तू पेला तसाच परत दिलास.

"कमी गोड हाय का?" ड्रायव्हरने विचारलं.

तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत तो समुद्रात टाकलेला चहा होता. मी खिडकीबाहेर बघितलं.

त्यानंतर तू गोळ्या बंद केल्यास. वैशालीने देऊ केल्या की हातात घ्यायचास आणि बशीत ठेवायचास. ओरडणं नाही, रुसणं नाही. संग्रामने मला बोलावलं. मी तुझ्यासमोर त्याच्या बाजूने बोललो. म्हटलं, तू एकटा राहण्याच्या स्थितीत नाहीस, जिना अरुंद आहे, रात्री काही झालं तर कोण आहे. तू सगळं ऐकून घेतलंस.

"हे सगळं खरं हाय," म्हणालास. "प्रत्येक वसाहतीला हेच सांगत्यात. तुमास्नी जमणार न्हाय, तुमी मराल. आणि मरत्यात की पुष्कळ. खोटं न्हाय ते."

"मग?"

"मग काय? माझं चुकलं तर माझं चुकलं. हितं माझं काय चुकतच न्हाय, कारण मी काय करतच न्हाय."

शेवटी तह झाला तो मीच घडवून आणला. गोळ्या वेळेवर घ्यायच्या, सकाळ-संध्याकाळ संग्रामला फोन करायचा, खाली राहणाऱ्या शांताक्कांनी लक्ष ठेवायचं. संग्रामने गादी, मिक्सर, औषधांचा डबा पाठवला. स्वतः आला नाही. म्हणाला, "काका, मी सोडायला गेलो तर मीच घालवलं असं होईल."

पेठेत तू काही फार चांगला स्वतंत्र झाला नाहीस. भात कच्चा, पिठलं करपलेलं. शांताक्का शिरोळकडच्या, बोलणं तिखट. जिन्यातनंच विचारायच्या, "मास्तर, आज भात हाय की खडं शिजवलासा?" तू म्हणायचास, "आक्का, स्वराज्यातला हाय, जरा कच्चाच असतोय." खाली तालमीची पोरं संध्याकाळी फुटबॉल खेळून आली की तुझ्या पायरीवर बसायची आणि रेफ्रीला शिव्या द्यायची. तू त्यात पडायचास. संग्रामला फोन कधी करायचास, कधी विसरायचास. पाय ओढत गंगावेशीत चालत जायचास आणि उभ्याने दूध पिऊन यायचास. साखर वाढली होती. हेही नोंदवलं पाहिजे.

एक गोष्ट मी तिथे काढली ती तुला लागली होती. वैशाली लग्नाआधी शाळेत शिकवायची. लग्नानंतर संग्राम म्हणाला, कशाला दगदग, आपल्याला काय कमी आहे. तिने नोकरी सोडली. तेव्हा घरातला कर्ता तू होतास आणि तू मान डोलावली होतीस. मी म्हटलं, आनंदा, त्या वेळी तू कुठल्या बाजूला होतास?

तू म्हणालास, "तिनं मागितलं न्हवतं."

"तिला कुणी विचारलं होतं?"

तू खिडकीतून खाली बघितलंस. एका पोराला उगाच ओरडलास, "आरं, बूट बाहेर काढ!" मग म्हणालास, "हे सोड. आत्ता नको." ते आपण सोडलं. परत घ्यायचं राहून गेलं.

दसरा आला. आपल्याकडे सोनं द्यायला लहान माणूस मोठ्याच्या घरी जातो, हे शाळेत शिकवावं लागत नाही. चौकातला सोहळा झाला, लोक आपट्याची पानं घेऊन घरोघर निघाले. तू दुपारपासून धुतलेला सदरा आणि टोपी घालून खुर्चीवर बसला होतास. पेढे आणून ठेवले होतेस. तालमीची पोरं येऊन पाया पडून गेली. मी आलो. संग्राम आला नाही. त्याचा फोन आला आणि तू तो मला ऐकू येईल असा धरलास.

"आबा, गाडी पाठवलीय. देव इथं आहेत, गाडीची पूजा झालीय, सगळे थांबलेत. या."

"सोनं द्यायला ल्हान माणूस येतंय, संग्राम."

"आबा, घर इथं आहे ना तुमचं."

"माझं हितं हाय."

"मग आम्ही कोण?" त्याने विचारलं. त्याचा आवाज चिडका नव्हता. फोन कोणी आधी ठेवला ते मला कळलं नाही. गाडी आली, हॉर्न वाजवून परत गेली.

तेव्हा मी तुला म्हटलं होतं, तू जा. त्याला मोठं होऊ दे एकदा. तू म्हणालास, माझी खोली त्याने घर म्हणून मानली पाहिजे, एकदा उंबऱ्यावर आला पाहिजे, तोवर मी फक्त पळून आलेला म्हातारा आहे. "आपण निघून आलो एवढ्यानं सुटत न्हाय माणूस," म्हणालास. "ज्याच्याकडनं निघालो, त्यानं दारात यायला लागतंय." मला हे अहंकाराचं वाटलं. तिकडे संग्रामही बसून होता, त्याच्याही मते मोठ्याने एक दिवस मुलाच्या घरी यावं एवढंच तो मागत होता. रीत एकच, दोघांनाही पाठ. दोघेही तिला धरून आपापल्या खुर्चीवर बसलेले.

दिवेलागणीला वैशाली आली. एकटी, स्कूटरवरून. पानं दिली, वाकली. तू तिला पान दिलंस आणि विचारलंस, "संग्रामनं धाडलं?"

"नाही, मामा. मीच आले."

"सांगून आलीस?"

तिने पेढा तोंडात टाकला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. "किती गोंगाट आहे हो इथं," म्हणाली. बराच वेळ उभी होती. गोंगाटाबद्दल तक्रार करणारा माणूस खिडकी लावतो. तिने लावली नाही.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. तू पहाटे बाथरूमला जाताना पडलास. आतून कडी होती. सकाळी पायांचा आवाज आला नाही म्हणून शांताक्कांनी हाका मारल्या, मग तालमीच्या पोरांनी दार फोडलं. डॉक्टरांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो : झटका आला होता, लगेच कोणी असतं तर कदाचित वाचले असते. कदाचित, असं ते म्हणाले. शांताक्का जिन्यात बसून म्हणत होत्या, "मी सांगितलो न्हवं, कडी लावू नका म्हणून. ऐकत्यात कुठलं."

संग्राम आला. तू पेठेत परत आल्यापासून पहिल्यांदाच त्या उंबऱ्यावर. तुला बघितलं, दांडे नसलेली भिंत बघितली. मला म्हणाला, "काका, तिकडं असते तर गेले नसते."

मी हो म्हटलं. कारण ते बहुधा खरं आहे. तू ज्या उत्तराला पूर्ण मार्क दिले असतेस ते मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्या मुलासमोर मी ते बोललो नसतो.

तुला कुठून न्यायचं यावरून बोलाचाली झाली. तालमीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "मास्तर हितनं गेल्यात, हितनंच न्यायचं. पेठेचा माणूस हाय." संग्राम म्हणाला, "माझे वडील आहेत." गाडी आली. तुला बंगल्यावरच्या हॉलमध्ये ठेवलं, काचेच्या पेटीत, फुलं चांगली होती. मागे कपाट होतं. पेठेतली माणसं मोटरसायकलींवरून आली तेव्हा वॉचमनने फाटकावर प्रत्येकाचं नाव विचारलं. त्याला तसं सांगून ठेवलेलं होतं आणि त्या दिवशी ते मागे घ्यायचं कुणाला सुचलं नाही. शांताक्का फाटकापाशी म्हणाल्या, "नाव कशाला पायजे, बाबा? मयताला आलोय." मग नाव सांगितलं.

मला राग आला होता. तो कोणावर हे ठरवता आलं नाही. संग्राम पंचगंगेवर सगळं होईपर्यंत ताठ होता आणि नंतर गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून रडला. ज्याने तुझ्यासाठी सगळं केलं त्याला तू सोडून गेलास, दोनदा. हे तुझ्या प्रश्नाच्या उत्तरात कुठे लिहितात, आनंदा? पोरांच्या पेपरात राजाच्या बाजूचं दुःख कधी नव्हतं. तू ते शिकवलं नाहीस. तात्या जेवले नाहीत एवढंच तुला त्यातलं माहीत होतं.

आणि तरीही. त्या दोन खोल्यांत तू मला जसा दिसलास तसा वहिनी गेल्यानंतर दुसरीकडे दिसला नव्हतास. करपलेलं पिठलं वाढताना तुझ्या हाताची लगबग मी पाहिली आहे. मला जेव म्हणणारा तू होतास. बंगल्यावर तू मला कधी जेव म्हणाला नाहीस, तिथे ते सांगायचं काम तुझं नव्हतं. एवढ्यासाठी मरायचं का, यावर माझं मत बदललेलं नाही. एवढंच म्हणतो की मी जेवलो, आणि बरं वाटलं. ते तुला सांगितलं नव्हतं.

रक्षाविसर्जन झालं त्या दिवशी दुपारी संग्रामने मला पेठेत बोलावलं. दार दुरुस्त करून घेतलं होतं, नवं कुलूप आणलं होतं. म्हणाला, बंद करून टाकू, पुढचं पुढे बघू. वैशाली बरोबर होती. तिने तुझ्या चादरीची घडी घातली, गॅसचं बटण तपासलं, उरलेले तांदूळ शांताक्कांना दिले. संग्राम कुलूप लावून बघत होता. उघडलं, परत लावलं, परत उघडलं.

ती म्हणाली, "किल्ली माझ्याकडं राहू दे."

"तुझ्याकडं? कशाला?"

"मी येत जाईन."

"इथं? काय आहे इथं?" त्याने खोलीभर नजर फिरवली. मग माझ्याकडे बघितलं, मागच्या वेळेसारखा मी काही तोडगा काढीन असं त्याला वाटलं असावं. मी बोललो नाही. तो आणखी काहीतरी विचारणार होता. ओठ उघडले होते त्याचे. मग त्याची नजर बाथरूमच्या दाराकडे गेली आणि तो थांबला.

किल्ली त्याने तिच्या हातात दिली नाही. तुझ्या खाटेवर ठेवली आणि जिना उतरून गेला. वैशालीने ती उचलली.